पशुवैद्यकीय कॉलेजचं कॅम्पस नवीन बांधताना आणि जुनं दुरुस्त करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका पशुवैद्यकीय कॉलेजात सर्जरी शिकवतो आणि बरीच वर्षं आमच्या बिल्डिंग कमिटीवर आहे. त्यामुळे दुसऱ्या कॉलेजांतले प्राध्यापक, सार्वजनिक बांधकाम विभागाचे इंजिनिअर, कधी आर्किटेक्ट, कधी नुसतेच माजी विद्यार्थी सारखे प्रश्न पाठवत असतात, फोनवर, व्हॉट्सॲपवर, मेलवर. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. उत्तरं महाराष्ट्रातल्या कॉलेजांना धरून आहेत कारण मला इथलंच माहीत आहे.

१. पशुवैद्यकीय कॉलेज म्हणजे साधं कॉलेज आणि बाजूला एक दवाखाना, असंच ना?

नाही, आणि हा समज प्लॅनमध्ये उतरला की पुढची चाळीस वर्षं भोगावं लागतं. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे पदवी साडेपाच वर्षांची आहे, त्यात शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप, आणि कॉलेजात सतरा विभाग धरलेत. त्यातले दोन विभाग म्हणजे इमारतीतल्या खोल्या नव्हेतच: एक व्हीसीसी, म्हणजे रोज पेशंट येणारं शिकवणी हॉस्पिटल, आणि दुसरा आयएलएफसी, म्हणजे गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या असलेला चालू फार्म. म्हणजे एकाच कुंपणात तुम्ही शाळा, हॉस्पिटल, डेअरी, प्रयोगशाळा, शवविच्छेदनगृह आणि हॉस्टेल बसवताय, आणि यातल्या निम्म्या गोष्टी एकमेकींपासून लांब ठेवायच्या आहेत. खरं डिझाइन तेच आहे, बाहेरून बिल्डिंग कशी दिसते तो प्रश्न नंतरचा.

२. आर्किटेक्टला भेटण्याआधी आम्ही काय तयारी करायची?

कॅम्पसच्या नकाशावर रंगीत पेन्सिलींनी रस्ते काढा. बिल्डिंग काढू नका, फक्त रस्ते. निरोगी जनावर कुठून येतं कुठे जातं, आजारी कुठून येतं, मेलेलं कुठून बाहेर पडतं, चाऱ्याचा ट्रक कुठे वळतो, शेणाची ट्रॉली कुठून जाते, विद्यार्थी कुठून चालतात, मालक कुठे बसतो. जिथे दोन रेघा एकमेकींना कापतात तिथे रोग जाणार किंवा अपघात होणार. आमच्याकडे पहिल्या प्लॅनमध्ये मेलेलं जनावर नेण्याचा रस्ता चारा गोदामासमोरून जात होता, आणि हे कुणा प्राध्यापकाच्या लक्षात आलं नाही, आमच्या एका जुन्या परिचरांच्या लक्षात आलं, कारण ट्रॉली तेच ओढायचे. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, मीटिंगला परिचर, दूध काढणारे, झाडलोट करणारे यांना बोलवा आणि त्यांना पहिल्यांदा बोलू द्या, विभागप्रमुख नंतर बोलतील.

आणि दोन आठवडे कुणीतरी गेटवर वही घेऊन बसा. किती जनावरं, कुठल्या गाडीतून, किती वाजता, गाडी मागे घेताना किती जागा लागली. छोटा हत्ती, पिकअप आणि ट्रक या तिघांच्या फाळक्याची उंची वेगवेगळी असते, उतरवायचा रॅम्प एकाच उंचीचा केला तर बाकी दोन गाड्यांतून जनावर उडी मारतं आणि मोडलेला पाय घेऊनच दवाखान्यात येतं.

३. जागा गावाजवळ बरी की लांब?

हॉस्पिटल जवळ, फार्म आणि संसर्गाचं काम लांब. एकाच जागेत दोन्ही जमत नाही हा अनुभव जुना आहे. आजची आयव्हीआरआय, म्हणजे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था, १८८९ मध्ये आपल्या पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी म्हणून सुरू झाली, पण भयंकर संसर्गजन्य जंतूंवर भरवस्तीत काम करणं धोक्याचं म्हणून १८९३ मध्ये ती पार कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला नेली. याउलट मुंबईचं पशुवैद्यकीय कॉलेज १८८६ मध्ये परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटलच्या आवारात सुरू झालं, कारण विद्यार्थ्याला रोज पेशंट दिसायला हवेत. आज त्या कॉलेजचा फार्म वेगळा, गोरेगावला आरेमध्ये आहे. दोन्ही निर्णय बरोबरच होते, कामं वेगळी होती.

शहराबाहेर चांगली स्वस्त जमीन मिळतेय म्हणून हॉस्पिटल तिकडे नेलं की केसेस आटतात. शेतकरी आजारी म्हैस घेऊन उगाच वीस किलोमीटर जास्त येत नाही, तो जवळच्या माणसाला बोलवतो. केस नाही तर शिक्षण नाही.

४. आमची जमीन काळी कसदार आहे, काही विशेष करावं लागतं का?

लागतं. विदर्भ मराठवाड्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे साध्या उथळ पायावरच्या भिंतींना तिरपे तडे जातात. अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे, तळाशी फुगीर काँक्रीटचे खांब, किंवा माती काढून मुरूम भरून पाया, हे इंजिनिअर ठरवेलच, पण तुमच्याकडून एक गोष्ट सांगा की गोठ्याचा कोबा, नाल्या आणि आवारातले रस्ते यांच्याखालीसुद्धा तेवढीच काळजी हवी. मुख्य इमारतीचा पाया भक्कम करतात आणि गोठा साध्या मातीवर टाकतात, मग दोन पावसाळ्यांत गोठ्याचा उतार उलटा होतो आणि मूत नालीकडे न जाता गव्हाणीकडे येतं.

५. जुनी इमारत पाडायची की दुरुस्त करायची?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि याचं उत्तर भावनेवर देऊ नये, मलाही माझ्या कॉलेजच्या जुन्या इमारतीचं प्रेम आहे तरी. आधी स्ट्रक्चरल ऑडिट करा. त्यात उदगीरसारखं लातूर जिल्ह्यातलं ठिकाण असेल आणि इमारत ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाच्या आधीची असेल तर रंगरंगोटीच्या आधी हे कराच.

ऑडिटमध्ये इमारत पास झाली तर पुढचा प्रश्न विचारा: आत काय ठेवायचंय? जुन्या दगडी इमारती, उंच छत, जाड भिंती, मोठ्या खिडक्या, या लेक्चर हॉल, लायब्ररी, म्युझियम, ऑफिस, एक्स्टेन्शन विभाग यांना फार छान, उन्हाळ्यात नव्या इमारतीपेक्षा थंड राहतात. पण मोठ्या जनावरांचं ओटी (ऑपरेशन थिएटर), शवविच्छेदनगृह, संसर्ग वॉर्ड, मायक्रोबायोलॉजी लॅब जुन्यात कोंबू नका, कारण यांना जमिनीखालची नाली, छतातून लोंबणारं वजन आणि हवेची दिशा लागते, आणि या तीन गोष्टी जुन्या इमारतीत नंतर घालणं म्हणजे जवळजवळ नवीन बांधण्याएवढाच खर्च.

दोन अपवाद. एक, इमारत वारसा यादीत असेल तर आधी वारसा समितीकडे जा, मुंबईत यासाठी १९९५ पासून नियम आहेत, आणि टेंडर निघाल्यावर ही अडचण कळली तर सगळं थांबतं. दोन, सखल भागातली इमारत. परळच्या हिंदमाता भागात पाणी कसं तुंबतं हे मुंबईकरांना सांगायला नको. अशा ठिकाणी तळमजला जनावरांना द्यावाच लागतो, म्हैस जिना चढत नाही, पण वीज पॅनल, जनरेटर, एक्स-रे मशीनचं कंट्रोल, लसींचे फ्रीज हे सगळं वर उचला.

६. दवाखाना एक दिवसही बंद ठेवता येत नाही, मग रिनोव्हेशन करायचं कसं?

टप्प्यांनी, आणि एक नियम पाळून: नवीन ओटीत पहिली शस्त्रक्रिया होईपर्यंत जुन्या ओटीला हातोडा लावायचा नाही. ठेकेदार सांगेल की दोन्ही एकदम दिलं तर लवकर होईल, देऊ नका. एका कॉलेजात असं दिलं होतं, नवीन ओटी वीज जोडणीसाठी अडकलं आणि जुनं तोडलेलं, त्यामुळे एक अख्खा पावसाळा आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये सिझेरियन केले. म्हशी वाचल्या, पण विद्यार्थ्यांनी निर्जंतुक काम म्हणजे काय हे त्या वर्षी पाहिलंच नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

तोडफोडीची धूळ नुसती घाण नसते, जुन्या छतातून बुरशीचे कण उडतात आणि ते कोंबड्यांच्या आणि आजारी जनावरांच्या फुप्फुसात जातात, म्हणून मधे जाड प्लास्टिकचा पडदा आणि ओलं करून तोडकाम. ड्रिल आणि ब्रेकरची वेळ ठरवून घ्या, घोडा भूल उतरताना बाजूला ब्रेकर सुरू झाला तर काय होतं हे बघायची वेळ कुणावर येऊ नये.

७. फरशी कुठली घालू?

चकचकीत काहीही नको. एवढं एकच वाक्य लक्षात ठेवलं तरी चालेल, पण कारणं सांगतो. म्हशीचं वजन चार-पाचशे किलो, खूर कडक, जमीन ओली. व्हिट्रिफाइड टाइलवर किंवा पॉलिश केलेल्या कोटा फरशीवर तिचे मागचे पाय बाजूला फाकले की मांडीचे स्नायू आणि नस जाते आणि साध्या तपासणीला चालत आलेली जनावरं परत उठत नाहीत. मी हे पाहिलंय, मालकाच्या तोंडाकडे बघवत नाही.

जिथे मोठं जनावर चालतं तिथे काँक्रीटचा कोबा, त्यावर ओला असतानाच आडव्या-उभ्या खाचा, खाचा फार खोल नकोत नाहीतर शेण अडकतं आणि खूर घासतात. उभं राहायच्या जागी, म्हणजे खोड्यात (जनावर उभं अडकवून ठेवायची चौकट) आणि वॉर्डात, रबर मॅट. कुत्र्या-मांजरांच्या भागात आणि ओटीत जोड नसलेलं इपॉक्सी किंवा तत्सम, भिंतीशी कोपरा न ठेवता गोलाई देऊन, कारण जंतू टाइलच्या सांध्यात राहतात. कोपऱ्याची ही गोलाई बिल ऑफ क्वांटिटीत, म्हणजे टेंडरमधल्या कामांच्या आणि मापांच्या यादीत, वेगळी लिहा, नाहीतर होत नाही.

आणि पसंती नमुन्याच्या तुकड्यावर देऊ नका. दहा बाय दहाचा तुकडा जमिनीवर करायला लावा, त्यावर पाणी आणि शेण टाका, एक शांत गाय त्यावरून हळूहळू चालवा, दोघांनी धरून.

८. मोठ्या जनावरांच्या ओटीत माणसांच्या ओटीपेक्षा वेगळं काय?

बरंच. पहिली गोष्ट, आपल्याकडे गाई-म्हशींच्या पोटाच्या खूप शस्त्रक्रिया उभ्याने होतात, डाव्या कुशीतून पोट उघडून जनावराने खाल्लेलं प्लास्टिक काढणं वगैरे, त्यामुळे परदेशी फोटो बघून फक्त हायड्रॉलिक टेबलाचा हॉल केला तर रोजचं काम बाहेर अंगणातल्या खोड्यात होत राहतं. ओटीच्या आतच एक चांगला खोडा, दोन्ही बाजूंनी उघडणारा, बाजूला विद्यार्थ्यांना उभं राहायला पायऱ्या, आणि खाली रुंद नाली, कारण रुमेनमधून, म्हणजे गाई-म्हशीच्या मोठ्या पोटातून, बादल्याच्या बादल्या माल निघतो.

दुसरी, आडवं करायच्या केसेससाठी क्रम असा हवा: भूल द्यायची गादीवाली खोली, तिथून छतातल्या रेलवरून टेबल, टेबलावरून परत गादीवाली शुद्धीवर यायची खोली. ही रेल छताच्या बीमला असते म्हणून तिचं वजन स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये पहिल्या दिवशी सांगावं लागतं, नंतर जोडता येत नाही. शुद्धीवर यायची खोली साधारण बारा बाय बारा फूट तरी हवी, चारही भिंतींना गादी, कोपरे बुजवलेले, वर दोरासाठी लोखंडी कड्या, दार बाहेर उघडणारं आणि माणसाला पटकन बाहेर पडायला फट. घोडा उठताना स्वतःलाच मोडून घेतो, सगळी शस्त्रक्रिया उत्तम होऊन शेवटच्या दहा मिनिटांत पाय जातो, म्हणून पैसे कमी पडले तर टेबल साधं घ्या पण या खोलीत काटकसर करू नका.

तिसरी, आयसोफ्लुरेनसारखा भुलीचा वायू बाहेर टाकणारी पाइप. हे बहुतेक विसरतात आणि मग ओटीतल्या सगळ्यांचं डोकं दुखतं. फरशीसाठी प्रश्न ७ बघा.

९. एक्स-रे रूम माणसांच्या हॉस्पिटलचा नकाशा कॉपी करून चालेल का?

नाही. परवानगीची पद्धत तीच, म्हणजे अणुऊर्जा नियामक परिषदेकडे त्यांच्या ई-लोरा या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी आणि लेआउट, मशीन विकत घेण्याआधीच. पण माणसाच्या खोलीत किरण बहुतेक वेळा खाली टेबलाकडे किंवा छातीच्या स्टँडच्या एका भिंतीकडे जातात. घोड्या-बैलाच्या पायाचा फोटो जनावर उभं असताना आडव्या किरणाने काढतो, आणि जनावर हवं तसं फिरवता येत नाही म्हणून मशीन फिरवतो, त्यामुळे किरण कुठल्याही भिंतीवर पडू शकतो. लेआउट करणाऱ्याला हे स्पष्ट सांगून सगळ्याच भिंती मुख्य किरणाच्या हिशोबाने जाड धरायला लावा. दारही जनावराच्या मापाचं आणि शिशाचा पत्रा मारलेलं, म्हणजे खूप जड, बिजागऱ्या साध्या चालत नाहीत, सरकतं दार बरं.

१०. कुत्र्या-मांजरांची ओपीडी वेगळी हवी का? आमच्याकडे जागा कमी आहे.

वेगळी बिल्डिंग नाही जमली तरी वेगळं दार हवंच. बैल बघून कुत्रं भुंकतं, कुत्रं भुंकलं की म्हैस दोर तोडते. मांजरांना बसायला कुत्र्यांच्या नजरेआड एक कोपरा, आणि पिंजरा ठेवायला कमरेच्या उंचीचा कट्टा, जमिनीवर ठेवलं की मांजर घाबरतं. खर्च काहीच नाही.

पार्व्हो या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजारासाठी मात्र वेगळी छोटी खोली बाहेरूनच दार असलेली. उलट्या आणि रक्ताचे जुलाब होणारं पिल्लू हॉलमधून आत आणलं की तो विषाणू महिनोन् महिने फरशीवर राहतो, फिनेलने जात नाही, हायपोक्लोराइट लागतं, म्हणून त्या खोलीची फरशी आणि भिंत ब्लीच सोसणारी निवडा.

११. रेबीजचा संशय असलेलं जनावर आलं तर ते कुठे ठेवायचं? वॉर्डाच्या शेवटी एक पिंजरा पुरेल का?

शेवटी नाही, सुरुवातीला. गेटजवळ. शेवटी ठेवलं म्हणजे ते सगळ्या हॉस्पिटलमधून चालत जाणार. गेटच्या आत लगेच एक स्वतंत्र खोली, बाहेरून खिडकीतून बघता येईल अशी, पिंजऱ्याची मागची बाजू पुढे ओढून जनावर दाबून धरता येईल अशी, आणि दाराच्या बाहेर वाहतं पाणी आणि साबण, कारण कुणाला लाळ लागली किंवा चावलं तर पंधरा मिनिटं धुणं हा पहिला उपचार आहे. गाई-म्हशींनाही रेबीज होतो, घशात काहीतरी अडकलंय म्हणून मालक घेऊन येतो आणि नवखा इंटर्न तोंडात हात घालतो. म्हणून या खोलीबरोबर मोठ्या जनावरासाठीही भक्कम खोडा हवा. मेल्यावर खात्री मेंदूच्या तपासणीनेच होते, तेव्हा या खोलीतून शवविच्छेदनगृहाकडे जाणारा मागचा रस्ता हवा (प्रश्न १४).

इमारत काहीही करा, त्यात काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि परिचरांना आधीच लस दिलेली असणं हे सगळ्यात आधी.

१२. गोठ्याला प्रत्येक जनावरामागे किती जागा धरायची आणि तोंड कुठे करायचं?

भारतीय मानकाप्रमाणे गाईला छताखाली ३.५ चौरस मीटर आणि उघडं आवार ७, म्हशीला ४ आणि ८, विण्याच्या बेतातल्या जनावराला १२ आणि १२, शेळीला १ आणि २. हे जनावराचं झालं. शिकवणी गोठ्यात मात्र एका गाईभोवती दहा मुलं उभी राहतात, हे कुठल्याच मानकात नाही, म्हणून मधला रस्ता रुंद धरा.

विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली की ऊन आत कमी येतं. कोकणात किंवा खूप ओल असलेल्या जागी जमीन वाळायला ऊन हवं असतं, तिथे वेगळा विचार करा. जमिनीचा उतार नालीकडे ४० ते ६० फुटांना एक फूट, त्यापेक्षा जास्त केला तर गाभण जनावरावर ताण येतो. छत उंच, आणि बाजू उघड्या. भिंती बांधून गोठा बंद करणं हे प्रेमापोटी करतात पण जनावर आत कोंडतं, अमोनियाने डोळे झोंबतात.

१३. शेण आणि सांडपाण्याचं काय?

हा प्रश्न मला क्वचितच पहिला येतो, खरं तर तोच पहिला यायला हवा. कॅम्पसचा सगळ्यात खालचा बिंदू शोधा आणि तिथून वर डिझाइन करा. तीन पाणी वेगळी ठेवा: पावसाचं, गोठ्याचं, आणि हॉस्पिटल-लॅब-शवविच्छेदनाचं. तिसरं पाणी पहिल्या दोघांत कधीही मिसळू नये, त्याला आधी निर्जंतुक करायची टाकी.

गोठ्याची नाली उथळ आणि उघडी, खराट्याने साफ होईल अशी. खोल नाली आणि वर लोखंडी जाळी केली की जाळीत खूर अडकतो आणि खाली कुजलेलं कुणी काढत नाही. शेणासाठी बायोगॅस जरूर करा, साधारण २५ किलो ताज्या शेणापासून एक घनमीटर गॅस मिळतो, हॉस्टेलच्या मेसला वापरता येतो. पण गॅस प्लँट मेसजवळ नको, गोठ्याजवळ हवा, गॅस पाइपने जातो, शेण डोक्यावर न्यावं लागतं.

१४. शवविच्छेदनगृह कुठे आणि कसं?

मागच्या गेटला लागून, स्वतःच्या रस्त्यासह, हॉस्टेल आणि मेसच्या वाऱ्याच्या खालच्या बाजूला. वारा पावसाळ्यात नैऋत्येकडून येतो आणि वास पावसाळ्यातच जास्त असतो, एवढं धरून जागा ठरवा. आत गाडी थेट येईल असं मोठं दार, गाडीतून उचलायला होइस्ट, उतार मधल्या नालीकडे, नालीवर काढता येणारी टोपली म्हणजे केस आणि तुकडे अडकतील, गरम पाणी, माश्यांसाठी जाळ्या.

विद्यार्थ्यांसाठी एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर, मधे गमबूट धुवायची टाकी आणि शॉवर. मुलामुलींच्या कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या आणि तेवढ्याच मोठ्या. आज वर्गात मुली भरपूर आहेत आणि जुन्या इमारतींत एकच खोली असते, मग मुली ॲप्रन घालून तशाच हॉस्टेलवर जातात आणि ब्रुसेला, लेप्टो असे माणसालाही होणारे रोगजंतू सगळे सोबत जातात. बघायला गॅलरी असेल तर साठ जणांची गर्दी टेबलाभोवती होत नाही.

१५. अँथ्रॅक्सचा संशय असेल तर याच हॉलमध्ये?

आत आणायचंच नाही. फुगलेलं, नाका-गुदद्वारातून न गोठणारं काळपट रक्त येणारं, अचानक मेलेलं जनावर उघडलं की हवेशी संपर्क येऊन जंतू बीजाणू बनवतात आणि ते जमिनीत कित्येक दशकं टिकतात. म्हणून हॉलच्या बाहेर, दारासमोर, गाडी उभी करून कानाच्या नसेतून रक्ताची काच (तपासणीची स्लाइड) घेता येईल अशी एक छप्पर असलेली जागा आणि शेजारी मायक्रोस्कोपचा छोटा कट्टा ठेवा. काच बघून मगच दार उघडायचं. संशय खरा ठरला तर न उघडता खोल पुरणं चुन्यासकट, नाहीतर जाळणं.

१६. ॲनाटॉमी हॉलमध्ये फॉर्मलिनने डोळे झोंबतात, एक्झॉस्ट पंखे वाढवले तरी फरक नाही, का?

कारण पंखे छताजवळ आहेत. वाफ टेबलावरच्या शवातून निघते आणि छताकडे खेचली जाताना आधी विद्यार्थ्याच्या तोंडासमोरून जाते. हवा टेबलाच्या कडेने किंवा खालून खेचली पाहिजे, आणि ताजी हवा वरून यायला हवी. फॉर्माल्डिहाइड कॅन्सरकारक यादीत आहे, पहिल्या वर्षाची मुलं रोज दोन तास तिथे उभी असतात, त्यामुळे हा खर्च टाळण्यातला नाही. टाक्यांना झाकणं घट्ट आणि उचलायला कप्पी, एवढं केलं तरी निम्मा वास जातो.

१७. स्वतःचा इन्सिनरेटर लावावा का?

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे ७५ किलोमीटरच्या आत सामायिक प्रक्रिया केंद्र असेल तर स्वतःची सोय उभारता येत नाही, कचरा त्यांनाच द्यायचा, जनावरांचे अवयव पिवळ्या पिशवीत. अडचण अशी की सामायिक केंद्राची गाडी पिशव्या नेते, चारशे किलोची म्हैस नेत नाही. म्हणून केंद्राशी करार करतानाच मोठ्या शवांचं काय ते लेखी ठरवा, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक ऑफिसात प्लॅन घेऊन आधी जा. बांधून मग गेलात तर ते काहीच करू शकत नाहीत.

१८. प्लॅनमधून हमखास सुटणाऱ्या खोल्या कुठल्या?

द्रवरूप नायट्रोजनची खोली. गोठवलेलं वीर्य उणे १९६ अंशांवर ठेवतात, एक लिटर द्रव उडालं की सुमारे सातशे लिटर वायू होतो आणि बंद खोलीत माणूस कळायच्या आत गुदमरतो. जिन्याखालची कोठी याला देऊ नका, जमिनीलगत झरोके असलेली खोली द्या.

रात्रपाळीच्या इंटर्नची झोपायची खोली, मुलींची वेगळी, आतून कडी, टॉयलेट लागून. मालकांसाठी सावली, पाणी, टॉयलेट आणि रात्री थांबायची ओसरी, म्हैस वॉर्डात असते तेव्हा शेतकरी झाडाखाली झोपतो हे मला वर्षानुवर्षं बघवत नाही. औषधांचा स्टोअर आणि लसींचा फ्रीज जनरेटरवर. प्रयोगासाठी उंदीर-ससे ठेवणार असाल तर त्या प्राणिगृहाची केंद्र सरकारच्या समितीकडे नोंदणी लागते, १९९८ च्या नियमांप्रमाणे, त्याचा नकाशा वेगळा करा.

१९. लम्पीसारखी साथ आली तर कॅम्पस कसं चालवायचं, त्यासाठी आत्ता काय बांधू?

२०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा बऱ्याच ठिकाणी विलगीकरण म्हणजे दोरी बांधून केलेली जागा होती. लम्पी माश्या, डास, गोचिडांनी पसरतो, त्यांना दोरी अडवत नाही. हॉस्पिटलपासून लांब दहा-बारा जनावरांचा जाळीदार शेड, स्वतःचं पाणी, स्वतःची नाली, स्वतःचा माणूस, एवढं हवं. एरवी तो नवीन विकत आणलेल्या जनावरांसाठी क्वारंटाइन म्हणून वापरता येतो, रिकामा पडत नाही. कोंबड्यांचा शेड तळ्यापासून आणि झाडांच्या गर्दीपासून लांब, जंगली पक्षी आत शिरू नयेत. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाला, आणि परभणीत आपलं कॉलेज आहे, म्हणजे हे लांबचं संकट नाही.

२०. मंजुरीचा क्रम काय असतो?

थोडक्यात: गरजपत्रक, ढोबळ अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, मग सविस्तर नकाशे आणि तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. चुका होतात त्या पहिल्या दोन पायऱ्यांत. ढोबळ अंदाज चौरस मीटरवर काढतात, साध्या शाळेच्या दराने, आणि त्यात होइस्ट, शिशाचं दार, सांडपाण्याची टाकी, वीजभार वाढ काहीच नसतं. मग पैसे संपतात आणि कापलं जातं ते नेमकं नाली आणि विलगीकरण. म्हणून यंत्रं आणि सांडपाणी यांची वेगळी शीर्षं पहिल्याच कागदात घाला.

२१. खाचांचा कोबा, खोडा, गादीवाल्या भिंती या गोष्टी दरसूचीत (सरकारी बांधकामाच्या ठरलेल्या दरांच्या यादीत) नाहीत असं इंजिनिअर म्हणतात, मग?

मग दर पृथक्करण करून, म्हणजे साहित्य-मजुरीचा हिशोब मांडून, नवीन बाब म्हणून मंजूर करून घ्यायची, ते करता येतं, फक्त कुणीतरी माहिती द्यावी लागते. तुम्ही माप, साहित्य, फोटो आणि दोन-तीन कोटेशन त्यांच्या टेबलावर ठेवा. इंजिनिअर मंडळी वाईट नसतात, त्यांनी आयुष्यात शाळा आणि रेस्ट हाउस बांधलेली असतात. मी एका उपअभियंत्यांना दिवसभर आमच्या जुन्या वॉर्डात बसवलं होतं, संध्याकाळी त्यांनी स्वतःच ड्रॉइंगमधली दारं रुंद केली.

२२. ताबा घेताना काय तपासायचं?

उद्घाटनाच्या तारखेला घाबरून सही करू नका. प्रत्येक खोलीत पाच बादल्या पाणी ओता आणि ते कुठे जातं ते बघत उभे राहा, दहा मिनिटांनी जिथे डबकं आहे तिथे खडूने गोल करा आणि फोटो काढा. होइस्टला सिमेंटच्या गोण्या बांधून पूर्ण वजन उचलून बघा. मुख्य वीज बंद करून जनरेटर लसींचा फ्रीज आणि ओटीचा दिवा घेतो का बघा. पिकअप उलटी आणून रॅम्पला लावा. शवविच्छेदनगृहात उदबत्ती पेटवून धूर कुठे जातो ते बघा. दोषदायित्व कालावधी, म्हणजे दोष निघाले तर ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, किती आहे ते करारात वाचा आणि त्यात निदान एक पूर्ण पावसाळा येतो ना याची खात्री करा, नसेल तर पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन सगळं कॅम्पस फिरा आणि त्याच दिवशी पत्र द्या.

आणि शेवटी गोठ्यात आपल्या फार्मवरची सगळ्यात म्हातारी म्हैस आणून बांधा, एक रात्र. सकाळी ती बसलेली असेल, रवंथ करत असेल आणि अंग कोरडं असेल तर सही करा.